प्रीॲम्पमध्ये लाह्या फुटतात? आधी घड्याळ लावा, मग सोल्डरिंग गन

लक्षण असं असतं. प्रीॲम्प (वाद्याचा किंवा माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं खोकं) चालू आहे, कोणी काही वाजवत नाही, आणि स्पीकरमधून मध्येच 'टुप्' होतं. मग शांतता. दोन मिनिटांनी परत 'टुप्'. मग बारा मिनिटं काहीच नाही आणि नंतर लागोपाठ दोन. हम नाही, खरखर नाही, शिट्टी नाही. कढईतल्या बहुतेक लाह्या फुटून झाल्यावर उरलेले चार दाणे जसे वाट बघायला लावून फुटतात, अगदी तसं. इंग्रजीतही याला पॉपकॉर्न नॉइज म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव रँडम टेलिग्राफ नॉइज. नावातल्या टेलिग्राफकडे पुढे येतो.

माझं खेतवाडीत दुरुस्तीचं छोटं टेबल आहे. जुने ॲम्प्लिफायर, मिक्सर, हार्मोनियमचे पिकअप असली कामं येतात. ठाकुरद्वारला राहणारे एक व्हायोलिनवाले काका आहेत, साथीला जातात. त्यांचा पिकअपचा प्रीॲम्प या एका तक्रारीसाठी माझ्याकडे चार वेळा आला. चौथ्या वेळी पिशवी टेबलावर ठेवताना म्हणाले, "अरे, तुझ्याकडे आला की हा गुणी बाळ होतो. माझ्या खोलीवर गेला की लाह्या." राग येण्यापेक्षा लाज वाटली, कारण दोनदा मी "काका, झालं काम" म्हणून पैसे घेतले होते.

चूक कुठे झाली ते आधी सांगतो, कारण हा बिघाड शोधताना बहुतेक लोक तिथेच फसतात.

पहिल्या वेळी मी आउटपुटचा कपलिंग कंडेन्सर बदलला. जुना होता, थोडा फुगलेलाही. बदलून पंधरा मिनिटं हेडफोन लावून बसलो. आवाज नाही. दिला परत. दोन दिवसांत काकांचा फोन. दुसऱ्या वेळी इनपुटचा जॅक बदलला, सहाव्या मिनिटाला 'टुप्' झालं, म्हणजे जॅक नाही. तेव्हाच ॲडॉप्टर बदलून चांगला लिनिअर सप्लाय लावला, पुन्हा पंधरा मिनिटं शांतता. "ॲडॉप्टर खराब होता काका." चार दिवसांनी पिशवी परत.

आता हिशेब बघा. माझ्या टेबलावर हा आवाज सरासरी दहा मिनिटांनी एकदा येत होता. या जातीच्या आवाजात दोन टिकांमधला वेळ ठरलेला नसतो, आणि मागचा आवाज कधी आला याची त्याला आठवणही नसते. बेस्टची बस अर्धा तास आली नाही तर "आता तरी येईल" म्हणायला काही जागा असते. इथे तेवढीही नाही. पुढच्या मिनिटात टिक येण्याची शक्यता दर मिनिटाला तीच. अशा वेळी सरासरीइतकं थांबलात, म्हणजे दहा मिनिटं, तरी काहीही दुरुस्त न करता सगळं शांत राहण्याची शक्यता ३७ टक्के. पंधरा मिनिटं थांबलात तर २२ टक्के. म्हणजे माझा प्रत्येक बिनकामाचा बदल पाचातून एकदा 'यशस्वी' दिसणारच होता. असे तीन बदल केले तर त्यातला किमान एक यशस्वी वाटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. मी दोनदा पैसे घेतले ते या शक्यतेच्या जोरावर.

म्हणून पहिला नियम. काहीही उघडण्याआधी आवाज मोजा. तासभर रेकॉर्डिंग लावा आणि किती टिक आल्या ते लिहा. त्यातून सरासरी काढा. दुरुस्तीनंतर किमान त्या सरासरीच्या तिप्पट वेळ थांबा. तेवढ्या वेळात फसवी शांतता मिळण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. ५ टक्केही नको असतील तर पावणेपाचपट थांबा, मग ती १ टक्क्याच्या खाली जाते. सरासरी दहा मिनिटं असेल तर हे अनुक्रमे अर्धा तास आणि पाऊण तासाहून थोडं जास्त. एवढा वेळ कोण थांबतं, असं वाटेल. रेकॉर्डर थांबतो. आपण चहा प्यायला जायचं.

दुसरी चूक याहून वाईट. तिसऱ्या वेळी मी इनपुटचा आयसीही बदलून बघितला होता. आठ पायांचा ४५५८, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, दहा-पंधरा रुपयांची. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली आयसींची नळी खणात होती, त्यातला एक काढून बोर्डावरच्या बेसमध्ये (सॉकेटात) दाबला. सातव्या मिनिटाला 'टुप्'. झालं, मी वहीत लिहिलं "आयसी ठीक" आणि पुढचे बारा दिवस बोर्डावरचा प्रत्येक सांधा गरम करत बसलो. नवा आयसी त्याच आजाराचा असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. या दोषाचं मूळ सिलिकॉनच्या वेफरमध्ये (ज्या चकतीतून चिप कापतात तिच्यात), कारखान्यातल्या त्या वेळच्या स्वच्छतेत असतं, त्यामुळे तो लॉटप्रमाणे येतो. एका नळीतले सगळे एकाच घाण्यातले निघू शकतात. आणि काकांचा प्रीॲम्प दोन वर्षांपूर्वी मीच दुरुस्त केला होता, त्याच नळीतला आयसी घालून.

बाकीचे संशयित

आयसीवर यायच्या आधी हे झटपट बाजूला काढावेत. मोबाईलचा 'डिग-डिग-डिग' सगळ्यांना ओळखता येतो, तो हा नव्हे. लिफ्टचा किंवा फ्रीजचा कॉन्टॅक्टर (आतला मोठा स्विच) पडतो तेव्हाही टक् होतं, पण प्रीॲम्प बॅटरीवर चालवला तर ते बहुतेक कमी होतं आणि लिफ्टच्या वेळेशी जुळतं. माझ्या टेबलाला शेजारच्या नव्या टॉवरची लिफ्ट ऐकू येते, रात्री अकरानंतर कमी. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) आणि लूज कॉन्टॅक्ट यांना टोचलेलं कळतं: पेन्सिलच्या मागच्या रबराने बोर्डावर ठोकत जा, आवाज बदलला तर तिथे बघा. आपल्या या बिघाडाला ठोकलेलं कळत नाही. व्हॉल्यूमची खरखर फिरवताना येते. गळका इलेक्ट्रोलिटिक किंवा टँटलम कंडेन्सर मात्र चकवतो, तोही मधूनच टिकटिकतो. पण त्याच्या टिका लहानमोठ्या असतात, एका मापाच्या नसतात.

मुंबईत एक संशयित वेगळा बघावा लागतो, तो म्हणजे ओल. जून ते सप्टेंबर, त्यात समुद्राकडून येणारी खारी हवा. पिकअपच्या प्रीॲम्पला इनपुटवर १ मेगओहमचा रेझिस्टन्स असतो. एवढ्या मोठ्या रेझिस्टन्सच्या जागी बोर्डावर फ्लक्सचा चिकटा राहिला असेल आणि त्यावर दमट हवा बसली, तर त्या चिकट्यातून वाहणारा नॅनोॲम्पियरच्या हिशेबातला करंटसुद्धा ऐकू येतो. काकांचा प्रीॲम्प माझ्याकडे आला जुलैत, त्यामुळे मी पहिले दोन आठवडे ओलीलाच दोष देत होतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड चकचकीत केला. लाह्या चालूच. ओलीचा आवाज सरकत, घरंगळत, लहानमोठा येतो. हा तसा नव्हता.

पक्की खूण

मला हा सापडला तो कानाने नाही, डोळ्याने. रात्रभरचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि प्रत्येक टिकेपाशी जाऊन मोठं करून बघितलं. पहिली टिक वर उसळून हळूहळू शून्यावर आलेली. दुसरी खाली. तिसरी वर. चौथी खाली. रात्रभरात पन्नासच्या वर टिका होत्या आणि एकदाही दोन वरच्या लागोपाठ नव्हत्या. आणि सगळ्यांची उंची जवळपास सारखी.

याचा अर्थ लावायला पाच मिनिटं लागली, पण लागला तेव्हा खुर्चीतून उठलो. आयसीचं आउटपुट टिका मारत नव्हतंच. ते दोन पायऱ्यांवर उभं राहत होतं. काही वेळ वरच्या पायरीवर, मग एकदम खालच्या पायरीवर, तिथे काही वेळ, मग परत वर. मधली पायरीच नाही. पुढे असलेल्या कपलिंग कंडेन्सरमधून स्थिर पातळी जात नाही, फक्त बदल जातो; म्हणून चढताना वरची टिक आणि उतरताना खालची. वरच्या पायरीवर असताना फक्त उतरताच येतं, म्हणून वर-खाली-वर-खाली हा क्रम कधी मोडत नाही. लूज कॉन्टॅक्ट इतका शिस्तीचा नसतो.

कधी दोन पायऱ्यांवरचा मुक्काम सारखा नसतो. खाली दहा मिनिटं आणि वर जेमतेम वीस मिलिसेकंद, असं असेल तर ऐकताना एकच 'टटक्' वाटतं, पण मोठं करून बघितलं की लगटून वर-खाली अशी जोडी दिसते. दोन वेगवेगळ्या मापांच्या टिका दिसल्या, प्रत्येक मापाची स्वतःची वर-खाली शिस्त असेल, तर आत असे दोन दोष आहेत.

सीआरओवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) बघायचं असेल तर एक सांगतो: एसी कपलिंगवर ठेवलात तर तोही कंडेन्सरमधूनच दाखवणार, पायरी दिसणार नाही, टिकच दिसेल. डीसीवर ठेवा, टाइमबेस एकदम हळू करा, आणि कंडेन्सरच्या अलीकडे प्रोब लावा.

हेअर ड्रायर

दुसरी परीक्षा गरम करण्याची. दोन कामं एकदम होतात, म्हणून मला ती फार आवडते.

ही उडी उष्णतेच्या जोरावर होते. आतल्या दोषाला एका अवस्थेतून दुसरीत जायला मध्ये एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो उंबरठा साधारण अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टचा धरला तर तापमान १० अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुप्पट होतो. ३० अंशांवरून ६० अंशांवर नेलं तर साडेपाचपटीच्या आसपास. म्हणजे दहा मिनिटांनी येणारी लाही दोन मिनिटांच्या आत यायला लागते. तुमचा थांबायचा वेळही तेवढाच कमी होतो: जिथे अर्धा तास बसायचं तिथे पाच-सहा मिनिटं.

आणि ओल? ओलीचा आवाज ड्रायर लावल्यावर कमी होतो, बोर्ड वाळतो ना. म्हणजे दोघं विरुद्ध दिशांना जातात. गरम केल्यावर लाह्या वाढल्या तर आयसी. गरम केल्यावर गेल्या आणि गार झाल्यावरही तासन् तास आल्या नाहीत तर ओल. पावसाळ्यात एवढी सोपी परीक्षा दुसरी नाही. फक्त ड्रायर लांबून आणि हळू फिरवा, प्लॅस्टिकचा कंडेन्सर वितळवून माझ्या नावाने ओरडू नका. आणि ड्रायर बंद करून मग ऐका, त्याच्या मोटरचा आवाज वेगळाच गोंधळ घालतो.

काकांची "तुझ्याकडे गुणी बाळ" ही तक्रार इथे उलगडली. माझ्या टेबलाजवळ एसी आहे, शेजारच्या फोटोकॉपीवाल्याच्या मेहेरबानीने अर्धी गार हवा मलाही मिळते. काकांची खोली पत्र्याखालची, वरचा मजला. दहा-बारा अंशांचा फरक सहज असेल. त्यांच्याकडे दुप्पट लाह्या फुटत होत्या. मी इतके दिवस हसण्यावारी नेलेली गोष्ट हीच सगळ्यात चांगली माहिती होती. गिऱ्हाईक कुठे, किती वाजता, कोणत्या ऋतूत म्हणतो ते लिहून ठेवत जा.

रेझिस्टन्स बदलून बघा

काकांनी आणखी एक म्हटलं होतं: "त्याच खोक्याला साधा माईक लावला की नाही येत." तेव्हा मी पिकअपवर संशय घेतला होता. खरं कारण वेगळं.

४५५८सारख्या बायपोलर ऑप-ॲम्पमध्ये (साध्या ट्रान्झिस्टरच्या इनपुटच्या ॲम्प्लिफायर चिपमध्ये) इनपुटच्या पायात सिग्नल नसतानाही थोडा करंट वाहतो, त्याला बायस करंट म्हणतात, साधारण शंभर नॅनोॲम्पियरच्या घरातला. दोष असतो तो त्या करंटमध्ये: तो दोन आकड्यांमध्ये उड्या मारतो. समजा उडी २०० पिकोॲम्पियरची आहे. इनपुटला १ मेगचा रेझिस्टन्स असेल तर ओहमच्या नियमाने २०० मायक्रोव्होल्टची पायरी, आणि पुढे ५० पट गेन (वाढ) म्हटलं तर आउटपुटवर १० मिलिव्होल्ट. शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते. तीच २०० पिकोॲम्पियरची उडी ६०० ओहमच्या माईकवर पडली तर ०.१२ मायक्रोव्होल्ट, कोणाच्या बापाला ऐकू येणार नाही. पिकअप जोडलेला असताना त्याच्या अंगच्या कपॅसिटन्समुळे पायरीची कडा बोथट होते, म्हणून 'टुप्'. पिकअप काढला की तीच टिक धारदार 'टक्' होते. दोन वेगळे आवाज म्हणून दोन वेगळे बिघाड शोधू नका.

तेव्हा एक साधा तपासणी बोर्ड बनवून ठेवा, मी व्हेरोबोर्डवर (भोकांच्या तयार बोर्डावर) बनवलाय. आठ पायांचा आयसी बेस, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, १०० के (किलोओहम) आणि १ के लावून गेन १०१, आणि प्लस इनपुट जमिनीला (ग्राउंडला) १०० के मधून. पुढे चांगल्या जातीच्या ऑप-ॲम्पची अजून दहापट, आणि डीसी ऑफसेट शून्यावर आणायला मल्टिटर्न प्रीसेट. मध्ये १०० हर्ट्झच्या आसपासचा लो-पास फिल्टर (त्याच्या वरचं कापणारा) ठेवा, नाहीतर रेझिस्टन्सच्या स्वतःच्या सूं-सूंमध्ये लहान पायऱ्या बुडतील. सगळं पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात. डबा जमिनीला जोडलेला. इनपुटचा रेझिस्टन्स १० के, ४७ के, १०० के असा बदलून बघा: पायरी त्याच प्रमाणात मोठी होत गेली तर दोष इनपुटच्या करंटमध्ये. तीच राहिली तर दोष व्होल्टेजच्या बाजूचा आहे, एफईटी (जवळजवळ करंट न घेणारा ट्रान्झिस्टर) इनपुटला असलेल्या आयसीत तसं दिसतं. मोह होईल, पण या बोर्डावर १ मेग लावू नका. बायस करंटनेच आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटेल आणि तुम्ही म्हणाल आयसी शांत आहे.

नळीतले सगळे २५ आयसी मी या डब्यातून काढले, प्रत्येकी दहा मिनिटं, गरम करून. चार लाह्यावाले निघाले. माझ्या नशिबात त्यातलेच दोन लागोपाठ होते.

आत काय होतं

हा भाग दुरुस्तीला लागत नाही, पण मला सांगायचाच आहे, कारण लाही फुटते तेव्हा तुम्ही अक्षरशः एका दोषाचा, कधी कधी एका इलेक्ट्रॉनचा आवाज ऐकत असता.

सिलिकॉनच्या स्फटिकात कुठेतरी एखादी जागा बिघडलेली असते. धातूचा कण राहून गेलेला, स्फटिकाची रांग मोडलेली, किंवा वरच्या ऑक्साइडच्या थरात एखादी खोबण. बायपोलर ट्रान्झिस्टरमध्ये ती एमिटर-बेस जंक्शनपाशी असली की त्रास देते. मॉसफेटमध्ये (एफईटीचाच एक प्रकार) ती गेटखालच्या, म्हणजे करंट कमीजास्त करणाऱ्या टोकाखालच्या, ऑक्साइडमध्ये असते: वाहणाऱ्या करंटमधला एक इलेक्ट्रॉन त्या खोबणीत अडकतो, आणि तो बसला आहे तोवर त्याच्या चार्जमुळे शेजारून वाहणाऱ्या सगळ्यांना थोडा अडथळा होतो. तो सुटला की करंट पूर्ववत. लोकलच्या दारात एक माणूस अडून उभा राहिला की अख्ख्या डब्याची चढउतार मंदावते, तसं. ट्रान्झिस्टर जितका लहान तितकी एका इलेक्ट्रॉनची ऐट मोठी. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये राल्स आणि सहकाऱ्यांनी मायक्रॉनहून लहान मॉसफेटमध्ये अशा एकेकट्या खोबणींच्या पायऱ्या वेगवेगळ्या करून दाखवल्या. १९८९ मध्ये कर्टन आणि युरेन यांनी या विषयावर लिहिलेला मोठा आढावा आजही लोक उघडतात.

गणित त्याआधीचं. १९५४ मध्ये माख्लुप यांनी दोन पातळ्यांच्या अशा सिग्नलचा स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद) काढला: कमी फ्रिक्वेन्सीला सपाट, आणि एका कोपऱ्यानंतर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाप्रमाणे घसरणारा. गंमत म्हणजे वेगवेगळ्या वेगाच्या पुष्कळ खोबणी एकत्र आल्या की या घसरणींची बेरीज होऊन ओळखीचा १/एफ नॉइज (फ्रिक्वेन्सी कमी तितका जास्त असणारा) तयार होतो. मोठ्या ट्रान्झिस्टरमध्ये शेकडो लाह्या एकदम फुटत असतात म्हणून आपल्याला फक्त सळसळ ऐकू येते. एकच खोबण ठळक असेल तेव्हा लाही ऐकू येते.

आणि टेलिग्राफ हे नाव, कारण सीआरओवर हे हुबेहूब तारेच्या संदेशासारखं दिसतं: की दाबली, सोडली, दाबली. फक्त पाठवणारा कोणी नाही. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हुतात्मा चौकाजवळच्या तार ऑफिसात नोकरी केलेले एक आजोबा आमच्या चाळीत आहेत. त्यांना स्क्रीनवर दाखवलं तर चष्मा सावरून म्हणाले, "हा कोण नवशिका बसवलाय?"

हीच आकृती भलत्या ठिकाणी भेटते. डीरॅम मेमरीतले काही सेल आपला चार्ज कधी जास्त वेळ धरतात, कधी कमी, दोन ठरावीक वेळांमध्ये उड्या मारत. हे १९८७ पासून माहीत आहे, आणि मेमरी तपासताना पास झालेली चिप नंतर चुकते त्यामागे हे असू शकतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये अंधारात लुकलुकणारे पिक्सेल असतात. नेहर आणि साकमन यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर काचेची बारीक नळी टेकवून एका आयन चॅनेलचा (पेशीच्या पडद्यातल्या, चार्ज असलेले कण जाण्याच्या वाटेचा) करंट मोजला, तोही उघड-बंद, उघड-बंद, पिकोॲम्पियरच्या पायऱ्यांचा. त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. पेशीच्या पडद्यात आणि काकांच्या प्रीॲम्पमध्ये एकाच वळणाचा आलेख निघतो, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

उपाय

आयसी बदला, दुसऱ्या लॉटचा, शक्यतो दुसऱ्या दुकानातून. बस. तपासणी बोर्ड नसेल तर निदान दोन वेगळ्या नळ्यांतले दोन लावून बघा. एक बदलून आवाज राहिला म्हणून आयसीला निर्दोष सोडू नका.

पिकअपसाठी मी आता ४५५८ वापरतच नाही, ०७२ (टीएल०७२ हा आयसी) लावतो. पाय तेच, बेसमध्ये सरळ बसतो. त्याचं इनपुट एफईटीचं असल्यामुळे बायस करंट पिकोॲम्पियरच्या घरात असतो. करंटच एवढासा, तर त्यातली उडी केवढी असणार? कागदावर त्याचा व्होल्टेज नॉइज ४५५८पेक्षा जास्त आहे, १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. मोठ्या रेझिस्टन्सच्या इनपुटला तो फरक कोणाला ऐकू येत नाही. उलट साध्या माईकच्या प्रीॲम्पला ०७२ लावू नका, तिथे तो सूं-सूं करेल.

फिल्टर लावून हा जात नाही. पायरी मंद असते, तिची ताकद कमी फ्रिक्वेन्सीलाच असते, तुम्ही वरचा भाग कापलात तर फक्त 'टक्'चा 'टुप्' होईल. मोजमापाच्या उपकरणांत लोक सरासरी काढून पळवाट शोधतात. पायरीवरचा मुक्काम दहा मिनिटांचा असेल तर एक मिनिटाची सरासरी तुम्हाला तीच पायरी जरा गुळगुळीत करून दाखवेल. वजनकाटा किंवा थर्मोकपलचा ॲम्प्लिफायर दोन आकड्यांमध्ये उड्या मारत असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला छळण्याआधी इनपुटचा आयसी बघा.

सुट्या ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प असेल तर आणखी एक. बेस-एमिटर जंक्शनला उलटा व्होल्टेज पाच-सात व्होल्टच्या वर गेला की ते ब्रेकडाऊनमध्ये जातं, आणि ट्रान्झिस्टर मरत नाही पण त्याचा कमी फ्रिक्वेन्सीचा नॉइज कायमचा वाढतो. ४८ व्होल्टचा फँटम (माईकला केबलमधूनच दिला जाणारा सप्लाय) चालू ठेवून केबल लावणं-काढणं हा त्याचा नेहमीचा रस्ता. नवा ट्रान्झिस्टर घातल्यावर इनपुटला उलट्या दिशेचा एक साधा डायोडही घाला, नाहीतर सहा महिन्यांनी तीच पिशवी तुमच्या टेबलावर.

तिप्पट वेळेच्या नियमाला एक अपवाद सांगून ठेवतो, म्हणजे मला दोष देऊ नका. काही खोबणी अशा असतात की त्या काही काळ भराभर उड्या मारतात आणि मग बराच काळ गप्प बसतात. गप्प बसणं आणि बोलणं हीच त्यांची दुसरी टेलिग्राफ. त्यांच्यापुढे सरासरीचा हिशेब चालत नाही. म्हणून आयसी बदलल्यावर मी एकदा गरम करून बघतो आणि नंतर एक अख्खी रात्र रेकॉर्डिंग लावतो.

काकांच्या प्रीॲम्पला तेच केलं. संध्याकाळी साडेसातला ०७२ बसवला, ड्रायरने तापवला, वीस मिनिटं ऐकलं, मग १ मेग तसाच ठेवून रेकॉर्डर लावला आणि शटर ओढलं. सकाळी फाइल उघडली. चौदा तासांत एकच टिक होती, रात्री अकरा चाळीसला. वर गेली होती, आणि तिच्या मागून खाली येणारी कोणी नव्हती. मी टॉवरच्या वॉचमनला जाऊन विचारलं. सातव्या मजल्यावरचे लोक लग्नाहून तेव्हाच आले होते, लिफ्टने.